खाटेखालच्या चार विटा

(बुलढाणा येथे गुरुजींच्या स्मृतिदिनी दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



संयोजकांनी विषय कळवायला सांगितलं तेव्हा मी चिठ्ठीवर 'घसा' एवढंच लिहून दिलं होतं. पत्रिकेत त्याचं 'आम्लपित्त व घशाचे विकार : कारणे आणि उपाय' असं झालंय. पेपरात दहा गुणांना यावा असा प्रश्न. गुरुजींना तो आवडला असता. मी मात्र उत्तराची सुरुवात त्यांच्या खाकरण्यापासून करणार आहे.

इथे त्यांचे विद्यार्थी बरेच बसलेत, त्यांना आठवत असेल. गुरुजी वर्गावर यायच्या आधी व्हरांड्यातून त्यांचं खाकरणं यायचं. दोन आखूड, एक लांब. आम्ही त्याला पहिली घंटा म्हणायचो. वर्षातून दोनदा आवाज पूर्ण बसायचा, तेव्हा ते फळ्यावर लिहून शिकवायचे आणि आमची चंगळ व्हायची. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, अडुळसा झाला, खडीसाखर आणि मिरे तर कायम खिशात. कफाची प्रकृती आहे, खडूची धूळ जाते, असं सगळे म्हणत आणि तेही मान्य करत.

पुढे मी कान-नाक-घशाचा डॉक्टर होऊन इथे बसलो, तेव्हा गुरुजी दवाखान्यात आले. कबूल करतो, पहिल्या दोन खेपांना मीही त्यांना घसादुखीचीच औषधं लिहून दिली. त्यांची जेवणाची वेळ विचारायला मला दोन वर्षं लागली. तिसऱ्या खेपेला घशात दुर्बीण घातली. स्वरयंत्राचा मागचा भाग सुजून लाल झालेला दिसला. एकट्या लालीवर निदान होत नाही, धडधाकट माणसांतही ती दिसते. पण तिने मला प्रश्न सुचवला. मी म्हणालो, 'गुरुजी, हे पोटातून येतंय.' ते चिडले. 'अरे, मला छातीत कधी जळत नाही. ढेकर नाही, मळमळ नाही. पित्त कसलं म्हणतोस?'

'रात्री जेवता किती वाजता?'

'शिकवण्या दहाला संपतात. मग वह्या. साडेदहा-अकरा धर.'

'आणि झोपता?'

'जेवलं की. सकाळी पाचला उठायचं असतं.'

आजचं सगळं व्याख्यान या चार वाक्यांत आहे.

आधी शब्दांचं बघू, कारण गुरुजी मराठी शिकवायचे आणि घोटाळाही शब्दापासूनच सुरू होतो. आपल्याकडे डोकं दुखलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, सकाळी पिवळी उलटी झाली की पित्त, छातीत जळलं की पित्त, आणि सासरे रागावले की त्यांचं पित्त खवळलं. खरा पित्तरस यकृतात तयार होतो, हिरवट-पिवळा असतो आणि तो आम्लाच्या उलट, क्षाराकडे झुकलेला असतो. जठरातलं आम्ल ही निराळी गोष्ट. एका गाठोड्यात आपण इतकं बांधून ठेवलंय की रोगी 'पित्त आहे' म्हणतो तेव्हा डॉक्टरला काहीच कळलेलं नसतं. दुसरा शब्द 'गॅस'. हा बहुधा सिलिंडरबरोबर घरात शिरला असावा. या शब्दाने माणसं दगावतात. त्याच्याकडे मी शेवटी येईन.

जुन्या वैद्यांनी मात्र गोष्ट नीट ओळखली होती. काश्यपसंहितेत अम्लपित्ताचं वेगळं प्रकरण आहे. सातव्या-आठव्या शतकातल्या माधवनिदानात अम्लपित्ताचे वर जाणारं आणि खाली जाणारं असे दोन प्रकार केले आहेत, आणि लक्षणांमध्ये छातीची आग आणि घशाची आग एकत्र सांगितली आहे. घसा त्या यादीत तेव्हापासून आहे. मधल्या काळात आपण तो सर्दीच्या खात्यावर टाकला.

आता हे वर येतं कसं? बुलढाण्याच्या माणसाला हे समजवायला मला चित्र काढावं लागत नाही. आपल्या जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. शरीराचंही तसंच समजा. पोट खाली मोताळ्याला, घसा वर बुलढाण्याला आणि मधे राजूर घाट म्हणजे अन्ननलिका. हा घाट जेमतेम पंचवीस सेंटिमीटरचा. त्याच्या पायथ्याशी एक नाका आहे, स्नायूंची आवळलेली मुरड. घास वरून आला की नाका उघडायचा, गेला की बंद. वाहतूक एकेरी. पण पोट तुडुंब भरलं की हा नाका अधूनमधून आपोआप सैल पडतो. ढेकर बाहेर पडावी म्हणून निसर्गानेच ती सोय ठेवली आहे. हवेबरोबर आम्लही वर निसटतं. थोडंफार सगळ्यांचंच निसटतं, आपण लाळ गिळतो, ती ते धुऊन खाली नेते आणि पत्ताही लागत नाही. भानगड केव्हा होते? नाका वारंवार सैल पडतो, खालून रेटा वाढतो, किंवा आपण घाटच आडवा करून ठेवतो, म्हणजे झोपतो, तेव्हा.

काहींचं आम्ल घाटात रेंगाळतं. त्यांना छातीत जळतं. काहींचं घाटात थांबतच नाही, थेट वर येऊन स्वरयंत्राला लागतं. त्यांना छातीत काही होत नाही. घशात गोळा अडकल्यासारखा वाटतो, कफ सुटत नाही, सकाळी आवाज घोगरा, बोलताना दर दोन मिनिटांनी खाकरणं, कोरडा खोकला. गुरुजी या दुसऱ्या जातीतले. 'मले काई छातीत जळत नाई बापा, मंग पोटाची गोळी काहून देता?' असं मला आजही आठवड्यातून तीनदा ऐकावं लागतं.

हे आम्ल किती जहाल असतं? पीएच नावाची मोजपट्टी असते. सात म्हणजे शुद्ध पाणी, खाली आम्ल, वर क्षार. जठरातला रस दीड-दोनवर असतो. आपलं लोणारचं सरोवर दहाच्या आसपास. दर पायरीला दहापट फरक, म्हणजे दोन ते दहा या आठ पायऱ्यांत दहा कोटी पटींचा फरक झाला. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाच्या पोटात लोणारच्या नेमकं उलटं तळं आहे, आणि त्यात रोज दोनेक लिटर रस भरतो. जठराला स्वतःचं अस्तर आहे, ते टिकतं. अन्ननलिकेचं अस्तर पातळ आहे, पण ती निदान धुतली जाते. स्वरतंतूंवर तसलं काहीच नाही. शिवाय एकटं आम्ल येत नाही. त्याच्याबरोबर पेप्सिन येतं, डाळी-मांसातली प्रथिनं फोडणारं. ते घशाच्या अस्तराला चिकटून बसतं, आणि पुन्हा काही आंबट आलं की कामाला लागतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. आपला घसाही प्रथिनांचाच बनलेला आहे.

आणि मग खाकरणं. सुजलेल्या जागेला वाटतं काहीतरी अडकलंय. आपण खाकरतो, म्हणजे दोन स्वरतंतू एकमेकांवर आपटतो. सूज वाढते. अडकल्याचा भास वाढतो. गुरुजींनी हा फेरा तीस वर्षं फिरवला. यावर उपाय साधा आहे पण कठीण आहे. खाकरायची उबळ आली की पाण्याचा एक घोट गिळायचा. पाणी नसेल तर नुसता आवंढा.

इथे कुणीतरी विचारणार, आणि नेहमी विचारतंच, 'तिखट सोडू का?' आपल्या वऱ्हाडात ठेच्याशिवाय भाकर उतरत नाही, त्यामुळे हा प्रश्न जेवणाचा नसून जगण्याचा असतो. मला मिरचीची बाजू घ्यायची आहे. मिरची आपल्या देशात पोर्तुगिजांबरोबर आली, सोळाव्या शतकात. माधवनिदान त्याच्या सात-आठशे वर्षं आधीचं. म्हणजे मिरचीचं तोंडही न पाहिलेल्या माणसांचा घसा जळत होता आणि वैद्य त्यावर ग्रंथ लिहीत होते. मिरचीने आम्ल बनत नाही. आधीच सोललेल्या जागेवर ती झोंबते, हे खरं, आणि ज्याला झोंबते त्याने काही आठवडे हात आखडावा. पण तिखट सोडून रात्री अकराला फिक्कं वरण-भात पोटभर खाणाऱ्याला काडीचा फरक पडत नाही. हे मी गुरुजींवरच पाहिलं. त्यांनी सहा महिने मिरची सोडली होती. खाकरणं तसंच होतं, वर चिडचिड.

कचोरीचंही तेच. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी शेगाव स्टेशनवर कचोरी विकायला सुरुवात केली, त्याला पाऊणशे वर्षं होत आली. मी डॉक्टर असलो तरी शेगाव स्टेशनवरून रिकाम्या हाताने येत नाही. तळलेलं पोटात जास्त वेळ राहतं आणि तुपा-तेलाने नाका ढिला पडतो, हे शास्त्र आहे. पण सकाळी आठला फलाटावर उभ्याने खाल्लेली कचोरी आणि रात्री अकराला बसमध्ये चार कचोऱ्या खाऊन सीट मागे टाकून झोपणं, यात फरक आहे. पहिलीला सोबत गुरुत्वाकर्षण असतं.

मला जे सांगायचंय ते हेच. आपण ताटात चोर शोधतो. चोर घड्याळात असतो.

आणि आपल्याकडचं घड्याळ बिघडलंय, यात सगळा दोष माणसाचा नाही. घाटाखालच्या शेतकऱ्याला शेतीपंपाची लाइट आठवड्यातले काही दिवस रात्रीची येते. हरभऱ्याला पाणी द्यायला तो दहाला निघतो, निघताना खाऊन घेतो किंवा परत आल्यावर पहाटे तीनला खातो, आणि धुऱ्यावरच गोधडी अंथरून आडवा होतो. त्याला मी 'सातच्या आत जेवा' सांगितलं तर तो मला वेड्यात काढेल. त्याच्यासाठी हिशेब वेगळा. पोटभर जेवण संध्याकाळी, निघताना घोटभर ताक, परत आल्यावर काही नाही. सोयाबीनच्या सोंगणीत दुपारी बांधावर भाकर खाल्ली की लगेच कंबरेत वाकायचं. भरलेली पिशवी दुमडल्यासारखं होतं. जेवणानंतर अर्धा तास पेंढ्या बांधायचं काम घ्या, विळा नंतर. घरची बाई सगळ्यांची पानं झाल्यावर बसते, उरलेलं संपवते, मग वाकून भांडी, मग ओटा, मग थेट अंथरूण. परकराची नाडी दिवसभर करकचून आवळलेली असते ती निराळीच. चतुर्थीला दिवसभर उपाशी आणि चंद्रोदयाला, म्हणजे साडेनऊला, दुप्पट जेवण. माझ्या दवाखान्यात घशाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या निम्म्या बायकांचं निदान त्यांच्या घरच्यांच्या जेवणाच्या वेळेत असतं.

पण या सगळ्यांत मला जास्त वाईट वाटतं ते कीर्तनकारांचं. हा जिल्हा वारकऱ्यांचा. चोखोबांची जन्मभूमी म्हणून देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा सांगितलं जातं. गावोगाव हरिनाम सप्ताह होतात. बुवांचा दिनक्रम बघा. नऊला कीर्तन सुरू, अकराला संपतं. दोन तास उंच पट्टीत गायचं म्हणजे पोटाचे स्नायू आवळून दम लावायचा, खालचा रेटा सतत. मग यजमानाकडे पंगत. साडेअकराला पुरणपोळी, भजी, कढी, आणि शेजारी उभं राहून वाढणारी माउली, 'बुवा, एक तरी घ्याच.' दीडला जीप. बुवा मागच्या सीटवर आडवे, पुढच्या गावचा काकडा पहाटे चारला. असं वर्षातले दोनशे दिवस. मेहकरकडचे एक बुवा माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा षड्जच लागत नव्हता. बरोबर पुड्यांची थैली होती, ज्येष्ठमध, कंकोळ, आणि खोकल्याच्या पेपरमिंटच्या गोळ्यांचा डबा. पेपरमिंटने तोंड गार वाटतं, पण तो नाका ढिला करतो. घसा सांभाळण्यासाठी ते दिवसाला दहा गोळ्या चघळत होते आणि घशाचंच वाटोळं करत होते. मी त्यांना म्हणालो, जेवण सहाला, कीर्तन नऊला, नंतर फार तर वाटीभर पातळ खिचडी. ते हसले. म्हणाले, 'डॉक्टर, पथ्य मी पाळतो हो. पण यजमानाचं मन कसं मोडू?' याचं उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात नाही.

आता उपाय. मजा अशी की आपल्या भाषेत ते आधीपासून आहेत, आपण त्यांचा अर्थ गमावलाय. शतपावली म्हणजे जेवल्यावर उभं राहणं, घाट उभा ठेवणं. दुसरा शब्द वामकुक्षी. आपण तो 'दुपारची डुलकी' या अर्थाने वापरतो. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. डाव्या कुशीवर झोपलं की जठराची पिशवी नाक्याच्या खालच्या बाजूला लोंबते आणि आम्ल तळाशी राहतं. उजव्या कुशीवर नाकाच आम्लात बुडतो. अन्ननलिकेत नळी घालून मोजणी करणाऱ्यांनी हे अलीकडे सिद्ध केलं. आपल्याकडे शब्दच होता. गुरुजींना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. तीस वर्षं समासविग्रह शिकवला आणि झोपलो उजव्या कुशीवर, असं म्हणाले.

तिसरी गोष्ट विटांची. जेवण आणि झोप यांत तीन तास असावेत. तरी रात्री त्रास होत असेल तर खाटेची डोक्याकडची बाजू सहा इंच उचलायची. डोक्याकडच्या दोन पायांखाली प्रत्येकी दोन विटा, एकावर एक. उशा वाढवू नका. दोन-तीन उशांनी मान वर जाते, कंबर दुमडते आणि पोटावर दाब येतो. सगळं अंग उतारावर हवं. बाज असो, लोखंडी पलंग असो, चालतं. गुरुजींनी स्वतः अंगणातून विटा आणून लावल्या आणि मला म्हणाले, 'विठोबाला एक वीट पुरली, तू मला चार लावायला सांगतोस.' शिकवण्या त्यांनी साडेसातला संपवायला घेतल्या, पालकांचा रोष पत्करून. तीनेक महिने गेले. खाकरणं बंद झालं असं म्हणणार नाही. सवय होती, ती उरली. पण आवाज बसणं थांबलं. मिरचीही परत सुरू झाली, त्याचं श्रेय ते मला देत.

पोट सुटलं असेल तर ते कमी करणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय, पण तो कुणी व्याख्यान ऐकून करत नाही, म्हणून पुढे जातो.

सोडा. छातीत जळलं की चमचाभर खाण्याचा सोडा पाण्यात. आपल्या जिल्ह्याला या विद्येचा वारसा आहे. लोणारच्या तळ्यातून शतकानुशतकं खार काढला जायचा, आईन-ए-अकबरीतही त्या तळ्याचा उल्लेख आहे. सोड्याने आम्ल मारलं जातं, फसफसून वायू होतो, मोठी ढेकर येते आणि हलकं वाटतं. पण ती ढेकर नाका उघडूनच येते. शिवाय एका चमच्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. दिवसभराची मर्यादा दोन ग्रॅमची. म्हणजे ब्लडप्रेशरच्या माणसाने एका फसफसाटात अर्ध्याहून जास्त कोटा संपवला. कधीमधी ठीक, रोजचं नको. थंड दुधाचंही तसंच. घशाखाली उतरताना ते थंडावा देतं, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. झोपताना पेलाभर दूध ही घशाच्या रोग्याला मदत नव्हे.

मला असंही विचारतात, 'आमच्याकडे पाणी खारं आहे, मग आम्हाला ॲसिडिटी कशी?' शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात क्षार विरघळलेले आहेत, पण ते पाणी म्हणजे आम्लावरचं औषध नव्हे. त्या पाण्याच्या तक्रारी वेगळ्या आणि गंभीर आहेत, त्यावर मूत्रपिंडाच्या डॉक्टरांचं व्याख्यान ठेवा.

आणि गोळी. 'गॅसची गोळी' आज प्रत्येक चिठ्ठीत असते, मूळ आजार कोणताही असो. ओमेप्राझोल १९८८ मध्ये बाजारात आलं आणि त्याच्या भावंडांनी, पॅन्टोप्राझोल वगैरेंनी, खरोखर क्रांती केली. अल्सरच्या शस्त्रक्रिया जवळपास संपल्या. छातीत जळणाऱ्याला ती गोळी बहुतेकदा लागू पडते, मात्र ती न्याहारीच्या किंवा जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते. जेवणानंतर किंवा झोपताना घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. आपल्याकडे बहुतेकजण ती दुखल्यावर घेतात. आता घशाचं ऐका. छातीत जळत नाही, नुसता घसाच धरतो, अशांना ही गोळी किती उपयोगी? ब्रिटनमध्ये कान-नाक-घसा विभागांतल्या ३४६ रोग्यांना सोळा आठवडे दिवसातून दोनदा लॅन्सोप्राझोल किंवा तसलीच दिसणारी खोटी गोळी दिली. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आला. दोन्ही गट सारखेच सुधारले. म्हणजे खऱ्या गोळीने खोटीपेक्षा जास्त काही केलं नाही. मी स्वतः त्याआधी कितीतरी रोग्यांना महिनोन्‌महिने गोळ्या लिहून दिल्या होत्या. तो लेख वाचल्यावर माझा हात आखडला. गोळी थांबवतानाही एक गंमत होते. २००९ मध्ये डेन्मार्कमध्ये कसलाच त्रास नसलेल्या १२० जणांवर प्रयोग झाला. आठ आठवडे गोळी घेऊन थांबवलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणांना नंतर जळजळ सुरू झाली, जी आधी नव्हती. दाबून ठेवलेली भट्टी उसळते. म्हणून 'सोडली की त्रास होतो, म्हणजे मला ती लागतेच' हा हिशेब चुकीचा असू शकतो. डॉक्टरला विचारून हळूहळू उतरवायची.

प्रत्येक घसा पोटाचाच असतो असंही नाही. ब्लडप्रेशरच्या रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. स्वतः बंद करू नका, डॉक्टरला सांगा, दुसरी मिळते. लोहाची, डॉक्सिसायक्लिनची गोळी घोटभर पाण्यावर घेऊन लगेच आडवं झालं की ती अन्ननलिकेत अडकून भोक पाडल्यासारखी जखम करते. पेलाभर पाणी आणि अर्धा तास उभं किंवा बसून. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर थुंकी तपासा. क्षयरोग गेलेला नाही.

तंबाखूचं दोन वाक्यांत सांगतो, कारण समोर काही ओळखीचे चेहरे गालात काहीतरी धरून बसले आहेत. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि पुडी प्रत्येक ठेल्यावर मिळते. निकोटिन नाका ढिला करतं आणि आम्ल धुणाऱ्या लाळेचा जोर कमी करतं, म्हणजे खर्रा खाऊन पित्ताची गोळी घेणं हे टाकीचं बूच काढून नळ सोडणं आहे. पण माझी भीती पित्ताची नाही. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला, घास अडकणं, एकाच बाजूचा कान दुखणं, मानेत गाठ, वजन उतरणं, काळी शी, रक्ताची उलटी, यांतलं काहीही असेल तर विटा नको, शतपावली नको, आधी दुर्बीण. घशाचा कॅन्सर सुरुवातीला नेमका 'पित्तासारखा' वागतो, आणि पित्त म्हणून सहा महिने ज्येष्ठमध चघळलेले लोक माझ्याकडे उशिरा येतात.

आता तो 'गॅस'. छातीच्या मधोमध आवळल्यासारखं, चढण चढताना वाढणारं, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारं, घाम फोडणारं दुखणं गॅस नसतं. मधुमेह्यांना आणि बायकांना तर कधीकधी नुसती धाप आणि मळमळच होते. सोडा पिऊन 'बघू थोडं' म्हणत बसलेला तास हाच हृदयविकारातला सगळ्यात महाग तास. १०८ ला फोन करा. ईसीजी नॉर्मल निघाला आणि खरंच गॅस निघाला, तर मी तुमच्या सोबत हसेन.

मला सातला सुरू करून आठला थांबायचं होतं, पावणेनऊ झालेत. मागे जेवण मांडलंय, वांग्याच्या भाजीचा वास इथवर येतोय. अर्धं पोट जेवा आणि घाटाखाली जाणाऱ्यांनी गाडीत मान टाकून झोपू नका. आणि जे कुणी आपापल्या गावच्या सप्ताहाच्या कमिटीत आहेत त्यांना एकच विनंती. यंदा पत्रिका छापायला द्याल तेव्हा तिच्यात लिहा : बुवांचे भोजन सायंकाळी सहा वाजता, कीर्तनापूर्वी.